अर्ध्या रेघेच्या अलीकडे

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात शालेय स्पर्धांचं वेळापत्रक येतं. पूर्वी ते शिपायाच्या हातून यायचं, हल्ली फोनवर येतं. यंदा आलं तेव्हा मी मैदानावरच होते. पाऊस नुकताच उघडला होता. कोर्टाच्या खड्ड्यांत पाणी साचलेलं, आणि पोरी खराट्यानं ते बाहेर ढकलत होत्या. मी तारखा वाचून दाखवल्या. आठवीतली एक पोरगी खराट्यावर हनुवटी टेकून म्हणाली, "मॅडम, औंदा प्रेस लावायचा न्हवं?"

"लावायचा की," मी म्हणाले.

पोरी पुन्हा पाणी ढकलायला लागल्या. माझं मात्र त्या संध्याकाळी शिकवण्यात लक्ष लागलं नाही. ओल्या रबराचा वास, सिमेंटवरून उठणारी वाफ, पश्चिमेला पुन्हा काळं होत चाललेलं आभाळ. हे सगळं दरवर्षी असंच असतं. पण त्यातलं एक वर्ष बाकीच्या वर्षांत मिसळत नाही. आठ-नऊ वर्षं झाली त्याला.

मी मुलींच्या एका शाळेत खेळ शिकवते. माहेर कागल, लग्न होऊन कोल्हापुरात आले. कॉलेजात बास्केटबॉल खेळायचे. या गावाला कुस्ती समजते, फुटबॉल तर रक्तातच आहे. बास्केटबॉल म्हटलं की लोक विचारतात, "ते बादलीत बॉल टाकायचं?" शाळेत मला एक जुनं सिमेंटचं कोर्ट मिळालं, दोन गंजलेले खांब मिळाले आणि बुटक्या पोरी मिळाल्या. खरंच बुटक्या. पुढं मुस्कान म्हणून एक आली, तिला सोडलं तर सगळ्या माझ्या खांद्याला लागत. पहिली पाच वर्षं आम्ही पहिल्याच सामन्यात हरून घरी यायचो. स्टाफरूममध्ये कुणीतरी हमखास विचारायचं, "काय मॅडम, डबा खाल्लासा का तसाच परत आणलासा?"

ज्यांची उंची कमी त्यांनी बास्केटखाली उभं राहून काय करायचं? बॉल डोक्यावरून जातो. म्हणून मी ठरवलं, बॉल तिथपर्यंत येऊच द्यायचा नाही. यालाच प्रेस म्हणतात.

बास्केटबॉल न बघितलेल्यांसाठी सांगते. एका संघानं बास्केट केली की बॉल दुसऱ्या संघाला मिळतो. त्यांच्यातली एकजण शेवटच्या रेघेबाहेर उभी राहून बॉल आत टाकते आणि मग सगळ्या मिळून तो समोरच्या टोकाला नेतात. बास्केट केलेल्या मुली एरवी पळत मागं येतात आणि आपल्या बास्केटखाली वाट बघत थांबतात. प्रेसमध्ये मागं यायचंच नाही. तिथंच, त्यांच्या दारात उभं राहायचं. बॉल टाकणारीच्या तोंडासमोर एकीनं हात नाचवायचे. बॉल आत टाकायला तिला पाच सेकंद मिळतात, आणि आत आलेला बॉल मैदानाच्या मधल्या, म्हणजे अर्ध्या रेघेपलीकडे न्यायला आठ. तेवढ्यात बॉलवाल्या पोरीला कडेकडेनं कोपऱ्यात न्यायचं, दोघींनी घेरायचं, आणि तिनं घाबरून भिरकावलेला बॉल तिसरीनं उचलायचा.

हे मी एकदा ऋतुजाच्या वडिलांना समजावून सांगत होते. ते शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत मोल्डिंगला होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी कबड्डीगतच की ओ. रेडरला कोपऱ्यात घ्यायचं आणि साखळी आवळायची." तेव्हापासून मी सगळ्या पालकांना असंच सांगते. लगेच समजतं.

ऋतुजा नववीत होती. आमची कॅप्टन. बारकी, सावळी, दोन घट्ट वेण्या, आणि पाय असे की थांबलेली असतानाही पळतेय असं वाटावं. कोल्हापूरच्या पोरी 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात. बाहेरच्यांना ते ऐकून हसू येतं. ऋतुजाच्या तोंडी मात्र ते इतकं शोभायचं की 'मी आले' म्हणाली असती तर मला ती आजारी वाटली असती.

त्या वर्षी पाऊस लांबला होता. कोर्टावर हिरवं शेवाळ धरलं. दोन पोरी घसरून पडल्या, एकीचा कोपर फुटला. मी सराव बंद ठेवायच्या विचारात होते. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या दारात ऋतुजाचे वडील स्कूटर घेऊन उभे. पुढं पायांत एक पोतं, मागं एक पोतं. फौंड्रीतली वापरून टाकून दिलेली काळी वाळू होती ती. "ही पसरा आणि खराट्यानं घासा मॅडम. लोखंडाचं पानी झेललंय हिनं, शेवाळाचं काय घेऊन बसलासा." आम्ही तासभर घासलं. शेवाळ गेलं. पण तो काळा रंग सिमेंटात असा मुरला की पुढं महिनाभर पोरींचे तळवे, गुडघे, बॉल, सगळं काळं. आया तक्रार करायच्या, पोरी मात्र काळे हात एकमेकींच्या गालाला पुसून हसायच्या.

प्रेसमध्ये सगळ्यात अवघड काय, तर दोघींनी घेरताना मधे फट न पडू देणं. पोरी एकेकट्या वाघ होत्या, पण दोघी मिळून घेरायला गेल्या की मधून बॉलवाली निसटायची. सांगून थकले. शेवटी एका दुपारी दोघीदोघींना कमरेला एकच ओढणी बांधली. आता पळा. पहिला दिवस नुसता पडण्यात आणि ओरडण्यात गेला. "ए, मला कुटं वडतीस?" "तूच मागं ऱ्हायलीस की!" आठवड्यानं एक गंमत झाली. ओढणी सोडली तरी त्या तेवढ्याच अंतरानं पळायला लागल्या. ऋतुजा आणि मुस्कान तर मधल्या सुट्टीत नळावर पाणी प्यायलासुद्धा तशाच जायच्या, खांद्याला खांदा लावून.

श्रावण संपत आला होता. सोमवारी अर्ध्या पोरी उपाशी असायच्या. साबुदाण्याच्या डब्यांचा वास, ओल्या मोज्यांचा वास, ऊन आणि सरी यांचा तो पाठशिवणीचा खेळ, आणि त्यात माझी शिट्टी. दिवसभर माझ्या तोंडात एकच वाक्य. "बॉल कडेला न्या! मधे येऊ देऊ नका! कडेची रेघ आपल्याच बाजूनं खेळते!" घरी भाकरी थापतानासुद्धा माझ्या डोक्यात चौकोन आखले जायचे.

स्पर्धा सुरू झाली आणि आम्ही पहिला सामना जिंकलो. दुसराही. समोरच्या उंच, चांगल्या बुटांतल्या पोरी बॉल हातात घेऊन भांबावून इकडंतिकडं बघायच्या आणि माझ्या पोरी मुंग्यांसारख्या त्यांना झोंबायच्या. शाळेत हेडबाईंनी प्रार्थनेच्या वेळी आमचं नाव घेतलं. स्टाफरूममध्ये डब्याची चौकशी बंद झाली.

प्रेसची एक नशा असते, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. ती खेळणाऱ्या पोरींपेक्षा बाहेर उभ्या असलेल्या माणसाला जास्त चढते. पोरींना धाप लागते, पाय दुखतात, त्यांना थांबावंसं वाटतं. बाहेरच्याला काहीच दुखत नाही.

तिसऱ्या सामन्यात आमच्यासमोर नेसरीच्याही पुढच्या एका गावातली शाळा आली. पहाटेच्या एस.टी.नं आलेल्या पोरी. पायांत पांढरे कॅनव्हास, केसांना लाल रिबिनी. त्यांच्याबरोबर त्यांचे सर होते, पंचवीस-सव्वीसचे. गणित शिकवायचे. शाळेत खेळाचा शिक्षक नाही म्हणून हे काम त्यांच्या गळ्यात पडलेलं. तालुक्यातून त्या वर आल्या होत्या, म्हणजे तशा कच्च्या नव्हत्या. पण प्रेस त्यांनी आयुष्यात बघितला नव्हता.

पहिल्या दहा मिनिटांत त्यांचा बॉल एकदाही अर्ध्या रेघेपलीकडे गेला नाही. आम्ही बास्केट करायचो, त्यांची पाच नंबरची पोरगी रेघेबाहेर जाऊन बॉल हातात घ्यायची, ऋतुजा तिच्यासमोर हात नाचवत उड्या मारायची, आणि पंचांची शिट्टी वाजायची. पाच सेकंद संपले. बॉल आमचा. पुन्हा बास्केट. पुन्हा तीच पोरगी, पुन्हा रेघेबाहेर. कधी तिनं बॉल टाकलाच, तर दुसऱ्या क्षणी तो मुस्कानच्या हातात असायचा. मध्यंतराला आम्ही चाळीसच्या घरात होतो, त्या शून्यावर.

मध्यंतरात मी पोरींना काय सांगितलं ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. "ढिलं पडू नका. परवा सेमीफायनल आहे. हाच सराव समजा."

सराव. समोर जित्याजागत्या पाच पोरी होत्या आणि मी त्यांना खांबासारखं धरलं होतं.

तिसऱ्या सत्रात पुन्हा तेच सुरू झालं. पाच नंबर रेघेबाहेर. हातात बॉल. तिचे ओठ थरथरत होते. गालावरून पाणी ओघळत होतं आणि हातात बॉल असल्यानं तिला ते पुसताही येत नव्हतं. ऋतुजा तिच्यापासून हातभर अंतरावर होती. आणि मी बघितलं, ऋतुजानं हात खाली घेतले.

"ऋतुजा! हात वर!"

तिनं मागं वळूनही बघितलं नाही. ती एक पाऊल मागं सरली, मग दुसरं. पाच नंबरनं बॉल आत टाकला. आत उभी असलेली पोरगी बॉल आपटत निघाली. तिला घेरायला ऋतुजानं जायचं होतं, ती गेली नाही. बॉल अर्ध्या रेघेपलीकडे गेला. त्यांच्या बाकावरच्या पोरी उठून टाळ्या वाजवायला लागल्या, जणू बास्केटच झाली. त्यांचा नेम चुकला, बॉल बाहेर गेला. मी लगेच बदली मागितली आणि ऋतुजाला बाहेर घेतलं.

"का थांबलीस?"

"रडायलीया ती मॅडम."

"मग?"

"मग काय? रडत्यालीच्या अंगावर कसं जायाचं?"

"मॅच आहे ही, ऋतुजा."

ती टॉवेल तोंडावर घेऊन बसली. टॉवेलच्या आतून म्हणाली, "मॅच कवाच संपलीया की. तुमालाच कळंना झालंय."

मी तिला पुन्हा खेळवलं नाही. बाकीच्यांकडून शेवटच्या मिनिटापर्यंत प्रेस लावून घेतला. शेवटी त्यांचे दोनच गुण झाले, तेही मुस्कान घसरून पडली म्हणून.

सामना संपल्यावर त्यांचे सर माझ्याकडं आले. मला वाटलं, भांडायला येतायत. मी मनातल्या मनात उत्तरं जुळवायला लागले. ते हातातली वही उघडून म्हणाले, "मॅडम, लई भारी शिकवलंय तुम्ही. एक विनंती होती. हे फोडायचं कसं असतं, आमच्या पोरींना दहा मिनिटं दाखवशीला का? आमची एस.टी. चारला हाय, तवर रिकामंच हाय आमी."

वहीत त्यांनी पेन्सिलीनं आमच्या पोरींच्या जागा काढल्या होत्या. बाण काढले होते. गणितासारखं सोडवायचा प्रयत्न केला होता आणि उत्तर येत नव्हतं.

मी घड्याळ बघितलं. घड्याळात काही नव्हतं. "आज जरा घाई आहे सर. परत कधीतरी."

"बरं बरं. न्हाय, तसं काय न्हाय," ते म्हणाले आणि वही मिटली.

अर्ध्या तासानं मी पोरींना गोळा करायला गेले, तर ऋतुजा आणि मुस्कान नळाजवळच्या झाडाखाली त्या गावाकडच्या पोरींत बसलेल्या. मधे फरशीवर डब्यांची दहा झाकणं मांडलेली. ऋतुजा एक झाकण सरकवत सांगत होती, "कडंला न्यायचाच न्हाय. आमाला तेच पायजे असतंय. एक पोरगी हितं मधी उभी करा. बॉल तिच्याकडं, आणि मग म्होरं. दोन पासात आमी मागं पडतोय." पाच नंबर गुडघ्यावर हनुवटी ठेवून झाकणांकडं बघत होती. आणि थोड्या अंतरावर, आमच्याशी सेमीफायनल खेळणाऱ्या संघाच्या दोन पोरी डबा खात बसल्या होत्या.

माझं डोकं तडकलं. मी ऋतुजाच्या दंडाला धरून तिला उठवलं.

सेमीफायनलला मी तिला पहिल्या पाचांत घेतलं नाही. समोरच्या शहरी शाळेनं पहिल्या क्षणापासून आमचा प्रेस फाडला. त्यांची उंच पोरगी बरोबर मधे उभी राहायची, बॉल तिच्याकडं जायचा, तिथून पुढं, आणि बास्केट. झाकणांनी दाखवलं होतं तसंच. मध्यंतराला आम्ही बारा गुणांनी मागं होतो. पोरी घामाघूम होऊन माझ्याभोवती उभ्या होत्या आणि मी सगळ्यांसमोर ऋतुजाला म्हणाले, "बघितलंस? हे तू शिकवलंयस त्यांना. तुझ्या संघाला तू हरवलंस."

तिनं खाली वाकून बुटांच्या नाड्या आवळल्या.

मग मी तिला आत पाठवलं, कारण दुसरा इलाज नव्हता. ती जशी खेळली तसं मी नंतर कुणाला खेळताना बघितलेलं नाही. बारा गुणांचे तीन झाले. तीनवरच वेळ संपली.

हस्तांदोलनाच्या वेळी त्यांच्या प्रशिक्षक बाई, माझ्याहून मोठ्या, पिकल्या केसांच्या, माझा हात हातात धरून म्हणाल्या, "छान बसवलाय हं प्रेस. तुमच्या पहिल्याच मॅचचं शूटिंग करून घेतलं होतं मी. तेव्हापासून आम्ही दुसरं काही केलंच नाही, फक्त हा फोडायचा सराव."

पहिल्याच मॅचचं. म्हणजे झाकणं मांडली त्याच्या कितीतरी आधी.

ऋतुजा तेव्हा दहा पावलांवर बुटांच्या नाड्या सोडत बसली होती. मी जाऊन सांगायला हवं होतं. परतीच्या गाडीतही ती माझ्या पुढच्याच सीटवर होती. मानेवर काळ्या वाळूचा एक ओघळ सुकला होता. मी पूर्ण रस्ता त्या ओघळाकडं बघत बसले आणि बोलले नाही. हरल्याचं दुःख आहे, नंतर बोलू, असं स्वतःला सांगितलं. खरं तर बारा पोरींसमोर तोंड उघडायची लाज वाटत होती.

सोमवारी ती मैदानावर आली नाही. मुस्काननं एक पिशवी आणून दिली. आत तिचा चार नंबरचा शर्ट आणि चड्डी, धुऊन इस्त्री करून घडी घातलेली. "मॅडम, ऋतुजा म्हणाली, दुसऱ्या कुनालातर द्या."

शाळेत ती दिसायची. वर्गातून बाहेर पडताना मला बघितलं की 'नमस्ते मॅडम' म्हणायची, अगदी नीट, पाहुण्यांना म्हणतात तसं. त्या नमस्त्यानं माझा दिवस वाईट जायचा. गौरी आल्या, गणपती गेले. त्या मॅचनंतर आठव्या दिवशी शाळा सुटल्यावर मी शिरोलीची बस पकडली.

दोन खोल्यांचं घर. वडील पहिल्या पाळीहून येऊन नुकतेच हातपाय धूत होते. मला बघून गडबडले. "या की मॅडम, बसा. च्या टाक गं." आई चुलीशी होती. ऋतुजा अभ्यासाचं पुस्तक घेऊन दाराच्या आड उभी राहिली.

मी चहाची वाट बघितली नाही. बघितली असती तर धीर गेला असता. "ऋतुजा, त्या दिवशी मी तुला सगळ्यांसमोर बोलले ते खोटं होतं. त्यांनी आपला खेळ आधीच बघून ठेवला होता. तुझ्यामुळं काही झालं नाही. मला हे मॅच संपल्या संपल्या कळलं होतं, तरी मी गप्प बसले. चुकलं माझं."

वडील एकदम म्हणाले, "असू द्या ओ मॅडम! पोरास्नी बोलायचंच असतंय. तुमी गुरू हाय."

चुलीजवळून आई म्हणाली, "असू द्या कसं? आठ दिस झालं, पोरगी नीट जेवली न्हाय."

ऋतुजा पायाच्या अंगठ्यानं फरशीची भेग कोरत होती. मग म्हणाली, "बोललासा सगळ्यांच्या म्होरं. आणि हे एकटीला सांगतासा?"

"उद्या सगळ्यांसमोर सांगते."

"नक्की?"

"नक्की."

तिनं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "आणि त्या पोरींचं काय?"

"कुठल्या?"

"नेसरीकडल्या. सरांनी दहा मिन्टं मागितलती तुमाला. मी दावलं, पर झाकणं पळत न्हाईत की मॅडम. त्यास्नी काय कळलं आसंल त्यातनं?"

दुसऱ्या दिवशी मी मैदानावर बारा पोरींना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं त्यापेक्षा ते सोपं गेलं. पोरींनी ऐकलं, मुस्काननं पिशवीतला शर्ट ऋतुजाच्या अंगावर फेकला, आणि त्या खेळायला लागल्या. मोठ्या माणसांना जे बोलायला आठ दिवस लागतात, ते पोरी बॉलच्या एका टप्प्यात विसरून जातात. किंवा विसरत नसतील. मी कधी विचारलं नाही.

त्या वर्षापासून आमच्यात एक ठरलेलं आहे. वीस गुणांचा फरक पडला की कॅप्टन हात वर करते आणि सगळ्या अर्ध्या रेघेच्या मागं येतात. ते ठरवण्याचा अधिकार कॅप्टनचा, माझा नाही. अजूनही कधीकधी अठरावर असताना माझ्या घशात शब्द येतो, 'चालू ठेवा', आणि तो मला गिळावा लागतो. आणि हे वीसचं माप बरोबर आहे असंही मी म्हणणार नाही. मागं आलो की समोरच्या पोरींना कळतं, आपल्याला सोडून दिलंय. तेही कुणाला लागत असेल. अंगावर जाणं कधी थांबवायचं, हे मी इतकी वर्षं शिकवूनही मला आकड्यात सांगता येत नाही. ऋतुजाला ते पंधराव्या वर्षी, हातभर अंतरावरून, एका पोरीच्या ओठांकडं बघून कळलं. आता ती शिरोलीतच एका कारखान्यात तयार माल तपासायच्या कामावर आहे. तिथंही चांगल्या-वाईटातला फरक तिला इतरांच्या आधी दिसत असणार.

त्या गावच्या सरांचा नंबर मी स्पर्धेच्या कागदांतून शोधून काढला. फोन केला तेव्हा त्यांना आधी खरं वाटेना. "व्हय? तुमी सवता येनार? पोरींना सांगू काय मग?"

पितृपक्षातला रविवार होता. मी आणि ऋतुजा सकाळच्या एस.टी.नं निघालो. कागल गेलं. माझं माहेर मागं पडताना मी खिडकीतून बघितलं, ऋतुजा तेव्हा माझ्या खांद्यावर झोपली होती. गडहिंग्लजला चहा घेतला, पुढं नेसरी, आणि नेसरीहून वडापनं ते गाव. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भुईमुगाची काढणी चाललेली. उपटलेल्या वेलांचा मातकट वास जीपमध्ये शिरत होता.

शाळेचं मैदान तांबड्या मातीचं. एकाच बाजूला खांब, दुसऱ्या टोकाला नुसतं बाभळीचं झाड. सरांनी पांढऱ्या फक्कीनं रेघा आखून ठेवल्या होत्या, मापं वहीत बघून, अगदी बिनचूक. आठ पोरी ओळीनं उभ्या. आम्हाला आधी उकडलेल्या शेंगा खाव्या लागल्या, त्याशिवाय त्या सुरूच करू देईनात. ऋतुजाला त्या 'अक्का' म्हणायला लागल्या. पाच नंबरचं नाव सानिका होतं. मला ते त्या दिवशी कळलं.

तास-दीड तास आम्ही पास शिकवले, मधे कुठं उभं राहायचं ते शिकवलं. मग ऋतुजा म्हणाली, "आता खरंखुरं करू. मॅडम, तुमी ऱ्हावा सानिकाच्या म्होरं."

मी ओढणी कमरेला बांधली आणि उभी राहिले. सानिका रेघेबाहेर, हातात बॉल. मी हात वर केले आणि मोठ्यानं मोजायला लागले. एक, दोन, तीन. पहिल्या वेळी तिनं बॉल माझ्याच पोटात मारला. दुसऱ्या वेळी पाच झाले तरी बॉल तिच्या हातातच. तिचे ओठ पुन्हा तसे व्हायला लागले आणि माझे हात आपोआप खाली यायला लागले.

"मॅडम, हात खाली घेऊ नका!" मधल्या जागेवरून ऋतुजा ओरडली. "सानिका, त्यांच्याकडं बघू नको. माझ्याकडं बघ."

तिसऱ्या वेळी सानिकानं डावीकडं मान वळवली. मी डावीकडं झेपावले. आणि बॉल माझ्या उजव्या काखेखालून, मातीवर एक टप्पा घेऊन, सरळ ऋतुजाच्या हातात गेला. ऋतुजा वळली, बॉल पुढं, तिथून आणखी पुढं, आणि पोरी ओरडत फक्कीच्या अर्ध्या रेघेपलीकडे, बाभळीच्या झाडापर्यंत पळत गेल्या. सर वही हवेत धरून नाचत होते.

मी धापा टाकत गुडघ्यांवर हात ठेवून वाकले होते. सानिका अजून रेघेबाहेरच उभी होती. आपण काय केलं ते तिला हळूहळू उमजत होतं. मग तिनं कपाळावरचा घाम पुसला, बॉल परत मागवून घेतला आणि मला म्हणाली,

"आनि एकदा, मॅडम. आनि जरा जोरात या की अंगावर."